देश सोडायचा की गाव? वऱ्हाडातल्या घराघरांतला प्रश्न

गेल्या चार-पाच वर्षांत वऱ्हाडातल्या मुस्लिम घरांमध्ये एक प्रश्न हळू आवाजात विचारला जाऊ लागला आहे. मुलगा बारावी झाला, मुलगी नर्सिंगला लागली की मामू-खालू जमतात, चहा होतो आणि बोलणं मार्कांवरून पासपोर्टवर येतं. पूर्वीही येत होतं. पण पूर्वी कारण सरळ होतं, चार पैसे जास्त मिळतील, बहिणीचं लग्न होईल, घरावर स्लॅब पडेल. आता त्याच्या जोडीला दुसरं वाक्य येतं : "इथं आपल्या पोरांचं काय होणार?"

आम्ही शिक्षक मंडळी हे वाक्य पालक सभेत ऐकतो, निकाहच्या पंगतीत ऐकतो, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवरही ऐकतो. या प्रश्नाला हसून टाळू नये आणि त्याला घाबरूनही जाऊ नये असं आम्हाला वाटतं. म्हणून तो नीट मांडून बघू. कोण जाऊ शकतं, गेल्यावर काय मिळतं, मागं कोण राहतं, आणि जाण्याचं नाव न घेता आपल्यातली किती घरं रोज जातच आहेत.

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही

अमेरिकेतली काळी कुटुंबं हाच प्रश्न दोनशे वर्षांपासून विचारत आहेत. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात एका पोलिसानं जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर गुडघा रोवून त्यांचा जीव घेतला. त्यानंतर तिथल्या अनेक आईबापांनी उघडपणे म्हणायला सुरुवात केली की आपल्या मुलांना या देशात मोठं करायचं नाही. कोणी घानाचं नाव घेतलं, कोणी पोर्तुगालचं, कोणी मेक्सिकोचं. घाना सरकारनं तर आधीच दार उघडलं होतं. गुलामांचं पहिलं जहाज १६१९ मध्ये व्हर्जिनियाला लागलं, त्याला ४०० वर्षं झाली म्हणून घानानं २०१९ हे 'परतण्याचं वर्ष' जाहीर केलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये एकाच समारंभात ५२४ जणांना घानाचं नागरिकत्व दिलं गेलं, त्यांत बहुतेक काळे अमेरिकन होते.

गेलेल्यांचे अनुभव दोन्ही प्रकारचे आहेत. पोलिसाची गाडी दिसली की छातीत धडधडत नाही, मुलगा दुकानात गेला तर त्याच्यामागं कोणी पाळत ठेवत नाही, हे सुख त्यांनी पहिल्यांदा अनुभवलं. पण तिथंही काही जणांना 'ओब्रोनी' म्हणजे परका, गोरा अशी हाक ऐकावी लागली. डॉलर घेऊन आलेल्यांमुळे अक्रा शहरात जमिनीचे आणि घरभाड्याचे भाव चढले अशी स्थानिकांची तक्रार सुरू झाली. ज्या मातीला आपलं म्हणून गेलो, तिथंही आपलं व्हायला वेळ लागतोच.

त्यांच्या इतिहासात एक गोष्ट आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. १८१६ मध्ये अमेरिकेतल्या काही वजनदार गोऱ्या मंडळींनी एक संस्था काढली. स्वतंत्र झालेल्या काळ्यांना आफ्रिकेत नेऊन वसवायचं हा तिचा उद्देश. पुढं लायबेरिया देश त्यातूनच उभा राहिला. पण जानेवारी १८१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या बेथेल चर्चमध्ये हजारो काळे लोक जमले आणि त्यांनी ही योजना साफ नाकारली. कारण साधं होतं. या देशाची जमीन आमच्या बापजाद्यांच्या घामानं कसली गेली आहे, आणि आम्ही निघून गेलो तर जे अजून गुलामीत आहेत त्यांच्यासाठी बोलणारं कोणी उरणार नाही. शिवाय ही योजना मांडणाऱ्यांपैकी अनेकांना काळ्यांचं भलं नको होतं, त्यांना फक्त ते डोळ्यांसमोर नको होते. "तिकडं चालते व्हा" हे वाक्य आपणही ऐकलं आहे. त्यामुळे ही चाल ओळखायला आपल्याला वेळ लागू नये.

महाराष्ट्राला ही लढाई परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये काळ्यांचे नेते डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखाचं नातं जोडलं. आपण त्याच मातीतले आहोत. म्हणून त्यांच्या अनुभवातून शिकण्याचा आपला हक्क आहे.

भीती आली कुठून?

भीती हवेतून आलेली नाही. १२ नोव्हेंबर २०२१ ला त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधाचे मोर्चे निघाले, अमरावतीत दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला आणि दुकानं, गाड्या जळाल्या. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. ज्यांची हातावरची पोटं होती त्यांच्या घरी त्या दिवसांत चूल कशी पेटली, हे दोन्ही समाजांच्या गरिबांना विचारावं.

१३ मे २०२३ ला अकोल्याच्या जुन्या शहरात सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून दंगल झाली. एका माणसाचा जीव गेला.

या यादीत एक तारीख आपण गाळतो, ती गाळू नये. २१ जून २०२२ ला अमरावतीत औषध विक्रेते उमेश कोल्हे यांची गळा चिरून हत्या झाली. त्यांनी सोशल मीडियावर केलेल्या एका पोस्टवरून ही हत्या झाली असं तपास यंत्रणेचं म्हणणं आहे आणि आरोपी आपल्या समाजातले आहेत. त्या घरातही मुलं आहेत, त्यांनाही भीती वाटली असेल. नबी (स.) यांच्या नावानं निरपराध माणसाचं रक्त सांडणारा आपला वकील नव्हे. हे आपण स्वतःहून, कोणी विचारायच्या आधी बोललो, तरच आपल्या भीतीबद्दल बोलताना समोरचा ऐकून घेईल.

मग आली कागदांची भीती. २०२५ च्या सुरुवातीला उशिरा केलेल्या जन्मनोंदींवरून मालेगाव, अमरावती, अकोला या भागांत मोठा गदारोळ उठला. बांगलादेशींना दाखले दिले गेले असा आरोप झाला, सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, पुढं नियम कडक केले. खोटा दाखला घेणाऱ्यावर कारवाई व्हावी, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्या बाईचा जन्म खेड्यात दाईच्या हातून झाला आणि जिच्या बापानं कधी नोंदच केली नाही, तिलाही तहसीलच्या दारात संशयाच्या नजरेनं उभं राहावं लागलं. ही वेळ खेड्यातल्या सगळ्याच जातींच्या गरिबांवर येऊ शकते. नाव बघून संशय मात्र सगळ्यांवर सारखा येत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेनं कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकान लावू न देण्याचा ठराव केला. प्रशासनानं त्याला आक्षेप घेतला. पण यात्रा-जत्रांत बांगड्या, खेळणी, रेवड्या विकून पोट भरणाऱ्या आपल्या मणियार, बागवान, आतार भावांनी ती बातमी वाचली. ज्याचं दुकान चार बांबू आणि एक ताडपत्री एवढंच आहे, त्याला ठरावाची बातमीसुद्धा पुरते.

बाहेर जाणं म्हणजे नेमकं काय?

संसदेत सरकारनं दिलेल्या माहितीनुसार २०२२ मध्ये २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडलं, २०२३ मध्ये २,१६,२१९ जणांनी. यात सगळ्या धर्मांचे लोक आहेत आणि त्यांतले बहुतेक शिकलेले, पगारदार, पैसेवाले. देश सोडून कायमचं जाणं ही पैशाची आणि पदवीची गोष्ट आहे. ज्याला दंगलीत सर्वात जास्त झळ बसते, तो रिक्षावाला, गॅरेजवाला, हातगाडीवाला या आकड्यात नसतो.

आपल्यातून बहुतेक जण जातात ते गल्फला. तिथला पगार घर चालवतो, त्या कष्टाला सलाम. पण गल्फ म्हणजे स्थलांतर नाही, ती नोकरी आहे. तिथं २५ वर्षं राबलं तरी साध्या कामगाराला नागरिकत्व मिळत नाही. नोकरी सुटली की परत अकोला स्टेशन. आणि धर्म एक असला तरी पासपोर्ट बघूनच पगार आणि वागणूक ठरते, हे तिथून आलेला कोणीही सांगेल.

मग युरोप, कॅनडा? कॅनडात क्युबेक शहराच्या मशिदीत २९ जानेवारी २०१७ ला नमाजनंतर सहा जणांना गोळ्या घातल्या. त्याच देशाच्या ओंटारियोमधल्या लंडन शहरात जून २०२१ मध्ये संध्याकाळी फिरायला निघालेल्या एका मुस्लिम कुटुंबाला गाडीखाली चिरडलं, चार जण गेले. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये १५ मार्च २०१९ ला दोन मशिदींत ५१ जण शहीद झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये खोट्या अफवेवरून दंगे झाले आणि मशिदींवर दगड पडले. या देशांत कायदा मजबूत आहे, सरकारं पाठीशी उभी राहिली, हेही खरं. न्यूझीलंडच्या पंतप्रधान डोक्यावर ओढणी घेऊन शोकात सामील झाल्या, ते चित्र जगानं पाहिलं. तरीही द्वेष विमानतळावर थांबत नाही, एवढं मुलांना सांगून पाठवावं.

आपल्या महाराष्ट्राचाच एक जुना दाखला आहे. कोकणातले मुसलमान शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला गेले, तिथं स्थिरावले, मशिदी बांधल्या. पुढं तिथल्या वर्णभेदी सरकारनं त्यांच्या माथ्यावर 'एशियाटिक' असा शिक्का मारला. केपटाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग १९६६ मध्ये फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि तिथून सुमारे ६० हजार लोकांना हुसकावलं गेलं. त्यांत मुस्लिम घरं मोठ्या संख्येनं होती. तिथले लोक पळाले नाहीत. इमाम अब्दुल्ला हारून १९६९ मध्ये पोलिस कोठडीत वारले. आणि शेवटी १९९४ मध्ये ते सरकारच गेलं.

जी हिजरत रोज घडते आहे

आता मुद्द्याची गोष्ट. देश सोडण्याची चर्चा शंभर घरांत होते, जमतं एखाद्याला. पण गाव सोडणं? ते आपल्या डोळ्यांसमोर चाललं आहे आणि त्याची बातमीसुद्धा होत नाही.

कौंडण्यपूरचा परिसर घ्या. वर्धा नदीच्या काठचं, तिवसा तालुक्यातलं हे गाव रुक्मिणीचं माहेर म्हणून सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आषाढीला इथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघते. नदीपलीकडं आर्वी तालुका लागतो. तिवसा तालुक्यातच मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम आहे, जिथं सगळ्या धर्मांच्या लोकांना एका रांगेत बसवणारी सामुदायिक प्रार्थना रुजली. अशा पट्ट्यातल्या खेड्यांत मुसलमानांची घरं पाच, दहा, फार तर पंचवीस. कोणी पिंजारी, कोणी दर्जी, कोणी सायकल-पंक्चर, कोणी संत्र्याच्या बागा ठोक्यानं घेणारा. गावच्या लग्नात आचारी आपला, ताजियाला खांदा गावाचा.

ही घरं आता एकेक करून अमरावती, अकोला, बडनेऱ्याच्या मोहल्ल्यांत येऊन राहत आहेत. काही शिक्षणासाठी येतात, काही कामासाठी. पण बरेच जण खासगीत सांगतात, "गावात कोणी काही बोललं नाही सर, पण रात्री झोप लागत नव्हती." गावानं हाकललेलं नसतं. मोबाईलवर दुसऱ्याच गावचा व्हिडिओ पाहून घर उठतं.

काळ्या अमेरिकनांनीही हे केलं. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख लोक दक्षिणेतली खेडी सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्कला गेले. दक्षिणेत झाडाला लटकावून मारत होते, त्यामुळे त्यांचं जाणं चूक म्हणता येत नाही. मजुरी वाढली, मतदान करता आलं. पण शहरांनी त्यांना ठरावीक वस्त्यांत कोंडलं. तिथं बँक कर्ज देईना, चांगली शाळा मिळेना. शिकागोत १९१९ मध्येच दंगल झाली आणि ३८ जण मेले. भीतीपासून पळून एका वस्तीत गोळा झालेल्यांना त्या वस्तीच्या नावानंच ओळखलं जाऊ लागलं.

आपल्या मोहल्ल्यांचं तेच होतंय. घरभाडं दुप्पट, खोली अर्धी. नाली उघडी, नळाला दिवसाआड पाणी. बँकवाला पत्ता विचारतो आणि फाइल बाजूला ठेवतो. मानसिक आधार मिळतो, अजान ऐकू येते, हे मान्य. पण मुलाचा एकही दोस्त दुसऱ्या समाजाचा उरत नाही. तिकडच्या मुलांचाही आपल्यातला कोणी उरत नाही. मग एकमेकांबद्दल जे काही कळतं ते व्हॉट्सॲपवरून.

आणि गावात मागं काय राहतं? एक छोटी मशीद, जिथं जुम्यालासुद्धा सफ भरत नाही. कब्रस्तान, ज्याच्या कुंपणाकडं बघायला कोणी नसतं आणि मग ज्याच्या हद्दीवरून वाद सुरू होतो. आणि जिल्हा परिषदेची उर्दू शाळा. ही तिसरी गोष्ट आम्हाला जवळून दिसते. चार घरं उठली की पटावरची आठ-दहा मुलं कमी होतात. पट घसरला की संच मान्यतेत शिक्षक जातो. २०२३ मध्ये सरकारनं २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार मांडला, तेव्हापासून ही टांगती तलवार आहेच. शाळा बंद झाली तर मुलगा सायकलवर दुसऱ्या गावी जातो. मुलगी घरी बसते. म्हणजे निघून गेलेल्या चार घरांच्या निर्णयाची किंमत मागं राहिलेल्या पाचव्या घरातली मुलगी मोजते. त्या मुलीला कोणी विचारलेलं नसतं.

हबशा आणि मक्का

दीन आपल्याला काय सांगतो? हिजरत आपल्या इतिहासाच्या पायातच आहे. आपलं सन हिजरतीपासून मोजलं जातं. जुलुमाखाली दबलेल्याला अल्लाहनं निघून जाण्याची वाट मोकळी ठेवली आहे. त्यामुळे जो जातो त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण पहिल्या हिजरतीकडं नीट बघा. इ. स. ६१५ च्या सुमारास मक्क्यातल्या मुसलमानांचा छोटा गट समुद्र ओलांडून हबशाला, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या भागात गेला. पहिल्या तुकडीत जेमतेम पंधरा-सोळा माणसं होती. दुसऱ्या खेपेला ऐंशीच्या वर गेली. आसरा देणारा राजा नजाशी काळा होता, ख्रिस्ती होता. हजरत जाफर (रजि.) यांनी दरबारात उभं राहून आपली बाजू इतकी स्वच्छ मांडली की मक्क्याच्या वकिलांना रिकाम्या हातानं परतावं लागलं. ते पळून लपले नाहीत. परक्या देशात आपल्या लोकांचे प्रतिनिधी झाले.

आणि ज्यांना 'हबशी' म्हणूनच हाक मारली जायची ते हजरत बिलाल (रजि.)? ते हबशाला जाऊ शकले नाहीत. ते गुलाम होते. तापलेल्या वाळूवर छातीवर दगड ठेवून ते मक्क्यातच पडून होते. ज्याला जाण्याची सर्वात जास्त गरज होती, त्यालाच जाता येत नव्हतं. तेव्हा हजरत अबू बकर (रजि.) यांनी स्वतःचा पैसा खर्च करून त्यांना सोडवलं, आणखीही गुलामांना सोडवलं. ही उम्मत दोन पायांवर उभी राहिली. एक हबशाला गेलेल्यांचा, दुसरा मक्क्यात राहून एकमेकांना सोडवणाऱ्यांचा. आपल्यापैकी कोण जाफर होईल ते ठाऊक नाही. पण आपल्या गावोगावी बिलाल आहेत, आणि अबू बकर होण्याइतकी ऐपत असलेली घरंही आहेत.

घाईच्या हिजरतीचाही इतिहास आहे. १९२० मध्ये खिलाफतीच्या काळात हिंदुस्थान सोडून अफगाणिस्तानात जाण्याची हाक दिली गेली. मुख्यतः सिंध आणि सरहद्द प्रांतातली हजारो कुटुंबं जमिनी-गुरं मातीमोल भावानं विकून निघाली. ऑगस्टमध्ये अफगाण सरकारनं दार लावलं. वाटेत माणसं मेली. परतले त्यांच्या जमिनी दुसऱ्यांच्या झाल्या होत्या. जोशात घेतलेल्या निर्णयाची झळ आठ महिने भाषण देणाऱ्याला लागत नाही, बैल विकणाऱ्याला लागते.

राहून काय मिळालं?

कोणी म्हणेल, राहून तरी काय मिळतं? दोन उदाहरणं आपल्या अकोला जिल्ह्यातलीच आहेत.

पातूर नगर परिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दूतही नाव लिहिलेलं होतं. १९५६ पासूनची ही पद्धत. एका माजी नगरसेविकेनं त्याला हरकत घेतली. प्रकरण जिल्हा, उच्च न्यायालय करत सर्वोच्च न्यायालयात गेलं. १५ एप्रिल २०२५ ला निकाल आला की फलकावर उर्दू असण्यात कायद्याचा भंग नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि उर्दू याच देशात जन्मली, वाढली, हे देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयानं वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या फलकानिमित्त सांगितलं. घरात उर्दू आणि बाजारात वऱ्हाडी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी तो निकाल म्हणजे सनद आहे. फलकावर मराठी वर होती, उर्दू खाली होती, दोघींचं भांडण नव्हतंच.

दुसरं अकोल्याच्या दंगलीचं. त्यावेळी १७ वर्षांचा असलेल्या आपल्या एका मुलानं सांगितलं की आपल्यावर हल्ला झाला, एक खून आपण पाहिला, पण पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही. तो गप्प बसला नाही. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही तरी पुढं गेला. ११ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना फटकारलं, आणि हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचं तपास पथक नेमायला सांगितलं. वर्दी अंगावर चढली की धर्माचा पूर्वग्रह उतरला पाहिजे, असा त्याचा अर्थ होता. पथकाच्या रचनेवरून सरकारनं फेरविचार मागितला, नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्तींमध्येच मतभेद झाले, वाद पुढं गेला. म्हणजे विजय पूर्ण नाही. पण जो मुलगा तक्रारही नोंदवून घेतली जात नव्हती तिथून निघाला, त्याच्या प्रश्नावर दिल्लीत देशाचे न्यायाधीश विचार करत बसले. तो गाव सोडून गेला असता तर हे झालं नसतं.

मुक्केबाज मुहम्मद अली यांनीही असंच केलं होतं. १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धात जायला त्यांनी नकार दिला. त्या काळी अनेक तरुण कॅनडात निघून जात होते. अली गेले नाहीत. पदवी हिरावली, ऐन उमेदीची वर्षं गेली, शिक्षा झाली. १९७१ मध्ये त्यांच्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली.

मग करायचं काय?

आमचं म्हणणं थोडक्यात असं. जायचं असेल तर तयारीनं जा, भीतीनं नको. राहायचं असेल तर हक्कानं राहा, मुकाट्यानं नको.

जाणाऱ्यांसाठी : दहावी पास असाल तर पासपोर्टवर इमिग्रेशन क्लिअरन्सची अट लागत नाही, म्हणून दहावी सोडू नका. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते आधी बघा. नियमानं त्याला कामगाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर एवढीच फी घेता येते. दोन-दोन लाख मागणारा एजंट भीती विकत घेतोय आणि भीतीच विकतोय. शेत विकून जाऊ नका. १९२० आठवा.

राहणाऱ्यांसाठी पहिलं काम कागदांचं. आजोबांच्या नावाचा पुरावा बहुधा आपल्याच गावच्या शाळेत पडून आहे. दाखल-खारिज रजिस्टरमध्ये नाव, जन्मतारीख, गाव सगळं असतं. तहसीलमध्ये कोतवाल बुकाच्या नोंदी असतात. त्यांच्या रीतसर नकला काढून ठेवा. वऱ्हाडातली कितीतरी घरं निजाम आणि इंग्रजांच्या काळापासून याच कागदांत आहेत. नावाचं स्पेलिंग आधार, टीसी, रेशन कार्ड, मतदार यादीत एकसारखं करून घ्या. मशीद कमिटीनं महिन्यातला एक रविवार याच कामाला द्यावा, आणि शेजारच्या हिंदू, बौद्ध, आदिवासी भावालाही त्या ओळीत बसवावं. त्याच्या आजीचीही जन्मनोंद नाही.

दुसरं काम छोट्या गावांचं. अमरावती-अकोल्यातल्या खात्यापित्या घरांनी आपल्या मूळ गावाशी नातं तोडू नये. ईदला एकदा तरी गावच्या मशिदीत नमाज अदा करा, कब्रस्तानाचं कुंपण आणि सातबारा दोन्ही तपासा. जकातीचा एक हिस्सा त्या पाचव्या घरातल्या मुलीच्या सायकलसाठी, वसतिगृहासाठी काढा. केंद्रानं २०२२ मध्ये पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती बंद केली, संशोधनाची मौलाना आझाद फेलोशिपही थांबवली. सरकारकडं मागणी लावून धरायचीच, पण मुलीचं वय तोवर थांबत नाही.

तिसरं काम ओळखीचं. गावच्या ग्रामसभेत जा. शाळा व्यवस्थापन समितीत जागा घ्या. पालखी गावातून जाते तेव्हा पाण्याचा माठ भरून ठेवणं ही वऱ्हाडातली आपली जुनी रीत आहे, ती फोटोसाठी नको, पण सोडूही नका. दंगलीच्या रात्री पोलिस यायच्या आधी शेजारी येतो. येईल की नाही, हे आदल्या वीस वर्षांत ठरलेलं असतं.

फिलाडेल्फियाच्या त्या सभेला दोनशे वर्षं उलटून गेली. त्या लोकांची नातवंडं-पतवंडं आजही तोच प्रश्न विचारतात, काही जातात, बरेचसे राहतात. पण त्या दिवशी त्यांनी एक गोष्ट ठरवली होती, की आपण कुठं राहायचं हे आपल्याला नको असलेला माणूस ठरवणार नाही. आपल्या घरात पुढच्या वेळी पासपोर्टची गोष्ट निघेल तेव्हा एवढंच विचारावं : हा निर्णय आपण घेतोय की कोणाच्या तरी धमकीनं घेतलाय? आपण घेतला असेल तर अल्लाह हाफिज, खुशाल जा आणि जाफर व्हा. धमकीनं घेतला असेल तर दोन दिवस थांबा, आणि गावात मागं कोण राहणार आहे त्याचं नाव एका कागदावर लिहून बघा.